मोठं मूल प्रतिपालक घरात आलं, आता पुढे? कायमच्या आधाराचं नियोजन, टप्प्याटप्प्यानं

सतरा वर्षं आठ महिन्यांच्या मुलाची फाईल घेऊन कोणी समोर बसलं की माझ्या पोटात गोळा येतो. "ताई, आता याचं काय करायचं?" हा प्रश्न येतो तोवर करण्यासारखं निम्मं हातातून निसटलेलं असतं. उरलेल्या चार महिन्यांत दत्तकमुक्तीची, म्हणजे मूल दत्तक देण्यासाठी कायद्याने मोकळं ठरवण्याची, चौकशीसुद्धा जेमतेम होते, मामाचा पत्ता शोधायला कोणाला सवड नसते, आणि "माझं मी बघीन" म्हणून मुलाने आतून कडी लावून घेतलेली असते.

हे लिखाण दहा वर्षांपुढच्या मुलांबद्दल आहे. ती प्रतिपालकत्वात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, दत्तक न घेता सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात आहेत, किंवा बालगृहातून तिकडे जायच्या बेतात आहेत. पुणे जिल्ह्यातले प्रतिपालक, बालगृहांचे अधीक्षक आणि संस्थांचे केस वर्कर डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. आपल्याकडे चूक बहुतेक वेळा क्रमात होते. आधी घर ठरतं, मग मुलाला सांगितलं जातं, आणि कागदांची आठवण अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी होते. खालचे टप्पे याच्या उलट क्रमाने आहेत. एखादा टप्पा अपुरा असेल तर पुढच्यावर जाऊ नका.

कायमचा आधार म्हणजे मी काय धरते तेही सांगते. अठरा पूर्ण झाल्यावरही ताप आला तर न विचारता ज्याच्या घरी जाता येईल असं निदान एक माणूस, आणि त्या नात्यामागे शक्य तेवढं कायद्याचं बळ. नुसता आदेश असेल आणि माणूस नसेल, तर तो आधार नव्हे. नुसतं प्रेम असेल आणि कागद नसेल, तर ते नातं पहिल्या वादात मोडतं.

टप्पा १: फाईल पूर्ण वाचा

बरीच वर्षं बालगृहात काढलेल्या मुलाची फाईल एका जागी क्वचितच असते. थोडी बालगृहात, थोडी बाल कल्याण समितीकडे (मूल कुठे राहील याचे आदेश हीच देते), थोडी जिल्हा बाल संरक्षण कक्षात. मूल दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलं असेल तर पहिली पानं तिकडेच राहिलेली असतात. ती मागवा. लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, फोनवर फाईल येत नाही.

मग एका कोऱ्या कागदावर पाच गोष्टी लिहून काढा:

- समितीचा शेवटचा आदेश कोणत्या तारखेचा आणि किती मुदतीचा आहे.
- मूल कायद्याने कुठल्या स्थितीत आहे. आई-वडील हयात आहेत, बेपत्ता आहेत, की त्यांनी मूल समितीपुढे रीतसर समर्पित केलं आहे? मूल दत्तकासाठी मुक्त घोषित झालं आहे का?
- भावंडं किती, कुठे, आणि शेवटची भेट कधी झाली.
- मुलाला भेटायला कोण कोण येऊन गेलं.
- वैयक्तिक काळजी आराखडा, म्हणजे आपण ज्याला आयसीपी म्हणतो तो, शेवटचा कधी बदलला.

चौथ्या मुद्द्यासाठी भेटीची नोंदवही स्वतः चाळा. एका मुलीच्या सामाजिक तपासणी अहवालात "नातेवाईक नाहीत" असं लिहिलं होतं आणि पुढची सहा वर्षं प्रत्येक अहवालात तेच वाक्य उतरवलं गेलं. नोंदवहीत मात्र एका मावशीची दोनदा सही होती. शेजारी निळ्या शाईत मोबाईल नंबर होता आणि "केळी व फरसाण दिले" अशी नोंद. नंबर चालू होता. मावशी म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच बोलवाल."

तपासा: पाचपैकी एकही जागा कोरी असेल तर पुढे जाऊ नका. "माहिती नाही" हे उत्तर चालेल, पण ती कुठे विचारली आणि कधी विचारली ते सोबत लिहा.

सावध: मुलाचा फोटो, नाव किंवा केसची माहिती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून "कोणाला चांगलं कुटुंब माहीत आहे का" असं विचारू नका. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७४ नुसार काळजीत असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रतिपालकांनाही हे लागू आहे, त्यामुळे वाढदिवसाचं स्टेटससुद्धा नको.

टप्पा २: मुलाशी बोला, घर बघायच्या आधी

सगळ्यात घाई इथे होते. समितीपुढे तारीख असते, आदल्या दिवशी मुलाला ऑफिसात बोलावतात आणि विचारतात, "तुला आई-बाबा हवेत ना?" चौदा वर्षांचं मूल यावर एकतर मान डोलावतं नाहीतर "नको" म्हणतं, आणि दोन्ही उत्तरं कुचकामी असतात. "नको" म्हणजे बऱ्याचदा "आईला विसरावं लागेल का?" असा प्रश्न असतो. कधी "धाकट्याला एकटं टाकून जाऊ का?" असा असतो, तर कधी नुसती भीती असते, की तिकडे नाही पटलं तर इथला माझा पलंगही जाईल.

निदान तीन बैठका ठेवा, वेगवेगळ्या दिवशी. टेबलासमोर बसून बोलू नका. सारसबागेत चालताना, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलं जास्त बोलतात, कारण डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत.

पहिल्या बैठकीत फक्त त्याची गोष्ट त्याला नीट सांगा. किती मुलांना आपण बालगृहात का आलो हेच कळलेलं नसतं! फाईलमध्ये आहे ते वयाला झेपेल अशा शब्दांत, खरं खरं सांगा. "आई कामाला गेली आहे" असं सांगून ठेवलं असेल तर तो समज आता दूर करा. हे काम समुपदेशकाच्या सोबतीने करा आणि त्या रात्री जवळचं कोणी माणूस मुलापाशी असेल अशी सोय बघा.

दुसऱ्या बैठकीत पर्याय समजावून द्या. प्रतिपालकत्व आणि दत्तक यांतला फरक, आडनाव बदलतं की नाही, खऱ्या आई-वडिलांना भेटता येतं का, शाळा बदलेल का, नाही जमलं तर काय होईल. वचन देऊ नका. "नक्की मिळेल" हा शब्द तोंडातून निघाला की मूल तो वर्षभर लक्षात ठेवतं.

तिसऱ्या बैठकीत तुम्ही ऐका. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि त्याला वाचून दाखवा. दत्तकाच्या नियमांतही पाच वर्षांपुढच्या मुलाची संमती घ्यायची असते. ती सहीपुरती उरू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

तपासा: "तुझ्यासाठी आम्ही काय ठरवतोय, तू मला सांग बरं," असं मुलाला म्हणा. त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं नाही तर दुसरी बैठक पुन्हा घ्या.

टप्पा ३: माणसांचा नकाशा काढा

एक मोठा कागद, मधे मुलाचं नाव, भोवती तीन वर्तुळं. आतल्या वर्तुळात "रडू आलं तर ज्यांच्याकडे जाईन", मधल्यात "ज्यांना माझं चांगलं व्हावंसं वाटतं", बाहेरच्यात "जे मला ओळखतात". नावं मुलाने लिहायची, आपण सुचवायची नाहीत.

इथे हमखास आश्चर्याचे धक्के बसतात. एका मुलाच्या आतल्या वर्तुळात ना अधीक्षक होते, ना मी. तिथे दोन नावं होती. एक बालगृहाच्या स्वयंपाकघरातली मावशी, जी निवृत्त होऊन हडपसरला राहत होती. दुसरा ढोल-ताशा पथकातला एक दादा. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्राजवळ सराव चाले आणि हा दादा त्याला ताशा शिकवायचा. "माझा हात चुकला तर तो ओरडत नाही, पुन्हा वाजव म्हणतो," असं मुलाने सांगितलं. सहा वर्षांच्या फाईलमध्ये या दादाचा उल्लेख नव्हता. आज तो मुलगा एकवीस वर्षांचा आहे आणि रविवारी त्या दादाच्याच घरी जेवतो.

नकाशावरच्या प्रत्येक माणसाला संपर्क करा, पण मुलाला विचारून. मागणी छोटी आणि नेमकी असावी. "सांभाळाल का?" असं विचारलंत तर समोरचा घाबरतो. महिन्यातून एकदा फोन, दिवाळीत एक दिवस, दहावीचा अभ्यास, दवाखान्यात सोबत, यांतलं काय जमेल ते विचारा. जे कबूल करतील ते लिहून ठेवा. नियमित भेटणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची ओळख आणि पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. भावनेच्या भरात ही पायरी गाळू नका.

भावंडांसाठी वेगळी ओळ ठेवा. कायद्यातच म्हटलं आहे की हिताच्या आड येत नसेल तर भावंडांना एकाच प्रतिपालक कुटुंबात ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा. ते जमलं नाही तर भेटीचा वार आणि फोनची वेळ आराखड्यात लिहा. "अधूनमधून भेटवू" असं लिहिलंत तर वर्षात एक भेट होते.

टप्पा ४: मार्ग ठरवा, एक मुख्य आणि एक पर्यायी

आता कुठे घर शोधायची वेळ आली. पुढचे पर्याय याच क्रमाने तपासा आणि प्रत्येकाला "का नाही" याचं लेखी कारण द्या.

*स्वतःच्या घरी परत.* आई-वडील असमर्थ ठरल्यामुळे मूल प्रतिपालकत्वात असेल, तर समितीने मनाई केली नसेल तोवर त्यांना ठराविक काळाने भेटता येतं. समितीला ते पुन्हा योग्य वाटले तर मूल परतही जाऊ शकतं. म्हणून आई व्यसनमुक्तीच्या उपचारांना जाते का, वडील तुरुंगातून कधी सुटणार, याची दर सहा महिन्यांनी खरी चौकशी करा. गरिबी हे एकच कारण असेल तर उत्तर वेगळं घर हे नव्हे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रायोजकत्वाचे, म्हणजे स्वतःच्या घरी राहणाऱ्या मुलाच्या मदतीचे, दरमहा ४,००० रुपये आहेत आणि राज्याची बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपयांची आहे. एका मुलाला दोन्ही मिळतील असं गृहीत धरू नका, कुठली लागू होते ते कक्षात विचारा.

*नातेवाईक.* दत्तकासाठी कायद्याच्या व्याख्येत काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. सख्खा मोठा भाऊ किंवा बहीण त्या यादीत नाही, पण समिती त्यांना "योग्य व्यक्ती" ठरवून मूल त्यांच्या ताब्यात देऊ शकते. हा मार्ग लोकांना माहीतच नसतो. लग्न होऊन चाकणला स्थिरावलेली बहीण हाताशी असते आणि आपण अनोळखी घर शोधत बसतो.

*दत्तक.* मोठ्या मुलाला कोण घेतं, असं म्हणून फाईल मिटवू नका. अठरापर्यंत दत्तक होऊ शकतं. आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी इच्छुक जोडप्याच्या वयाची बेरीज ११०पर्यंत चालते, एकट्या व्यक्तीचं वय ५५पर्यंत. मूल आणि पालक यांच्यात निदान २५ वर्षांचं अंतर हवं. म्हणजे तान्ह्या बाळासाठी ज्यांचं वय उलटलं, ती माणसं इथे पात्र आहेत. पण मूल दत्तकमुक्त घोषित झालेलं असल्याशिवाय काही हलत नाही. परित्यक्त मूल दोन वर्षांपेक्षा मोठं असेल तर ही घोषणा चार महिन्यांत व्हायला हवी, समर्पित मुलाच्या बाबतीत आई-वडिलांना फेरविचाराला दोन महिने असतात. शेवटचा दत्तक आदेश आता न्यायालय नव्हे, जिल्हाधिकारी देतात.

*दीर्घकालीन प्रतिपालकत्व.* इथे बाल न्याय कायद्याच्या कलम ४४मधली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. समितीने जे मूल दत्तकयोग्य मानलं आहे त्याला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही. म्हणून "दत्तकाचा प्रयत्न केला, इतका काळ वाट पाहिली, मुलाचं म्हणणं असं" ही नोंद आदेशात स्पष्ट असू द्या. नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी फाईल उघडून सगळं पहिल्यापासून सुरू करतं. २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळ केल्यावर प्रतिपालक त्या मुलाला दत्तक घेऊ शकतात, पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. मुलगी चौदाची असताना घरी आली असेल तर हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडा: सोळाव्या वर्षी पात्रता येईल, हातात दोन वर्षं राहतील, आणि दत्तकमुक्तीचं काम त्याआधीच व्हायला हवं.

*अठरापर्यंत आहे तिथेच, पण माणसांसह.* काही मुलं विचारपूर्वक सांगतात की त्यांना दुसरं घर नको. त्यांचा मान ठेवा. मग टप्पा ३मधला नकाशा हाच मुख्य आराखडा होतो आणि तो तितक्याच गांभीर्याने चालवायचा असतो.

मुख्य मार्ग एक ठरवा आणि दुसरा समांतर चालू ठेवा. मावशीची गृहभेट चालू असताना दत्तकमुक्तीची कागदपत्रं थांबवू नका. एक फसला की दुसरा सुरू करू, या पद्धतीत मुलाचं वय संपतं.

सावध: शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून "आम्ही दत्तक घेतलं" असं लिहून देणारे भेटतील. समितीच्या ताब्यातल्या मुलासाठी असा कागद निरर्थक आहे. कायद्याची प्रक्रिया टाळून मूल दिलं-घेतलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही. शंका असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला मिळतो.

टप्पा ५: कुटुंबाची तयारी

पात्रतेचे नियम थोडक्यात. जोडप्याचा संसार निदान दोन वर्षं स्थिर हवा. २०२४पासून एकटी व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते, अविवाहित, विधवा वा घटस्फोटित कोणीही. एकट्या स्त्रीकडे मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा. नोंदणी ऑनलाइन होते आणि मग कक्षातर्फे गृहभेट.

पण पात्र कुटुंब तयार असतंच असं नाही. गृहभेटीत मी तीन प्रश्न विचारतेच. "हे मूल तुम्हाला दोन वर्षं काका-काकू म्हणालं तर चालेल?" "आईचा फोन आला तर तुम्ही शेजारच्या खोलीत शांत बसाल?" "नववीत नापास झालं तर नातेवाइकांना काय सांगाल?" उत्तरापेक्षा नवरा-बायको एकमेकांकडे कसं बघतात ते जास्त सांगून जातं.

घरातल्या सगळ्यांशी बोला. सासूबाई, स्वतःची मुलं, पलीकडच्या खोलीतला दीर. एका घरी सगळं जुळलं होतं, पण आजींना कोणी विचारलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलीचा चहाचा कप वेगळा ठेवला. मुलीने तक्रार केली नाही, फक्त चहा सोडला. आम्हाला कळायला दीड महिना लागला. ती चूक आमची होती.

मुलाच्या सवयी, औषधं, भीती, आवडता पदार्थ, कशाने चिडतो, झोप कशी आहे, हे दोन पानांत लिहून कुटुंबाला द्या. त्याचा आजवरचा त्रास झाकू नका. लपवलेली गोष्ट तिसऱ्या महिन्यात बाहेर येते आणि तेव्हा कुटुंबाला फसवल्यासारखं वाटतं.

टप्पा ६: मूल घरी आणणं

पहिली भेट मुलाच्या जागेत. दुसरी बाहेर, दोन तासांची. मग घरी दुपारचं जेवण, मग एक मुक्काम, मग शनिवार-रविवार. प्रत्येक भेटीनंतर मुलाला आणि कुटुंबाला वेगवेगळं विचारा. सहा ते आठ आठवडे सहज जातात, जाऊ द्या.

वेळ बघून ठरवा. मेची सुट्टी सगळ्यात बरी. जून ते सप्टेंबरही चालेल. दहावीच्या वर्षी शाळा बदलू नका, दूर पडत असेल तर पीएमपी बसचा विद्यार्थी पास काढून तीच शाळा चालू ठेवा. "दिवाळीसाठी पाहुणा" म्हणून मूल नेऊन, आवडलं तर ठेवू, असा बेत करणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणा. मुलांना ते पहिल्या तासात कळतं.

समितीचा प्रतिपालकत्वाचा आदेश हातात आल्याशिवाय मुक्काम कायमचा करू नका. "आदेश मागून येईल" असं एका कार्यालयातून मला तोंडी सांगितलं होतं. तो यायला चार महिने लागले आणि तेवढ्यात मुलाला अपेंडिक्सचं दुखणं निघालं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही कोण करणार, यावर रात्री अकरा वाजता रुग्णालयात आम्ही फोन लावत उभे होतो. उपचाराची संमती, शाळेचा पालक म्हणून सही आणि बँक या तीन गोष्टींचा उल्लेख आदेशात मागून घ्या.

मुलाचं सामान काळ्या कचऱ्याच्या पिशवीत किंवा गोणीत बांधू नका. एक नवी बॅग घ्या. जुन्या वह्या, बक्षिसं, फोटो, तुटका कंपाससुद्धा सोबत जाऊ द्या. आणि जिथून तो निघाला त्या बालगृहात निरोपाचं जेवण करा, म्हणजे हाकलल्यासारखं वाटत नाही.

तपासा: तीन महिन्यांनी बॅग कुठे आहे ते बघा. धायरीतल्या एका घरी मुलीची बॅग पलंगाखाली भरून तयार होती. टूथब्रशही त्यातच, रोज सकाळी काढायचा आणि परत ठेवायचा. प्रतिपालक काकूंनी काही न बोलता बाथरूममध्ये तिच्या नावाचा एक हूक ठोकला आणि कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. बॅग माळ्यावर गेली ती अकराव्या महिन्यात.

टप्पा ७: पहिलं वर्ष

दर महिन्याची पाहणी कायद्यातच आहे. ती फोनवर उरकू नका. मुलाशी एकट्याने, घराबाहेर बोला. प्रतिपालकत्वाची मदत दरमहा ४,००० रुपये आहे. ती उशिरा आली तर कुटुंबाने मुलासमोर त्याबद्दल बोलू नये, हे आधीच सांगून ठेवा.

सुरुवातीचे गोड दिवस सरले की मूल परीक्षा घेतं. खोटं बोलतं, पैसे उचलतं, "तुम्ही कोण मला सांगणारे" म्हणतं. घर मोडायची वेळ बहुतेक इथेच येते. कुटुंबाला दोन फोन नंबर द्या: एक केस वर्करचा, एक ज्यांनी हे सोसून पार केलं आहे अशा दुसऱ्या प्रतिपालकांचा. दुसरा जास्त उपयोगी पडतो. मुलाला १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक पाठ असू द्या.

नाहीच जमलं तर त्याच दिवशी मूल परत आणू नका, जिवाला किंवा अब्रूला धोका असेल तेवढा अपवाद. दोन आठवडे द्या, कारण खरं सांगा, निरोप नीट होऊ द्या. आणि टप्पा ४चा पर्यायी मार्ग त्याच आठवड्यात पुढे आणा.

टप्पा ८: कागद, पंधराव्या वर्षापासून

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

जन्मदाखला नसेल तर आधी तो. उशिरा नोंदणीसाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, वेळ धरून चाला. आधार कार्डाचे बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. त्याच वेळी त्याला जोडलेला मोबाईल नंबर कोणाचा आहे ते बघा. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा नंबर असला तर पुढचं प्रत्येक ओटीपी त्या अनोळखी फोनवर जातं आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म अडतो.

नावाचा निर्णय दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी करा. त्या प्रमाणपत्रावर जे नाव आणि जी जन्मतारीख छापली जाईल ती पुढे जन्मभर मागितली जाते. दत्तक होणार असेल आणि आडनाव बदलणार असेल तर शाळेला आधी कळवा.

आई-वडील दोघंही नाहीत अशी नोंद असलेल्या मुलासाठी अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्तांकडून मिळतं. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण याच कागदावर मिळतं. अठरानंतर जुने अहवाल शोधणं फार अवघड जातं, म्हणून सोळाव्या वर्षीच अर्ज टाका. अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला त्याच रांगेत.

सगळ्याचे दोन संच. एक घरात, एक मुलाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. मूळ प्रती कोणाकडे आहेत ते वरच्या पानावर लिहा.

टप्पा ९: अठराच्या अलीकडे आणि पलीकडे

सतरा पूर्ण झाल्या महिन्यात समितीपुढे लेखी विषय काढा. अनुरक्षणाची, म्हणजे आफ्टरकेअरची मदत २१पर्यंत आणि खास परिस्थितीत २३पर्यंत मिळू शकते. पण कायद्यातली व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांबद्दल आहे. मूल प्रतिपालक घरात अठरा पूर्ण करणार असेल तर ही मदत आपोआप मिळेल असं धरू नका. किती वर्षं बालगृहात होतं, कधी बाहेर आलं, हे सगळं मांडून आदेश मागा.

दत्तक झालेलं नसेल तर अठराव्या वाढदिवशी प्रतिपालकत्वाचा आदेश संपतो, घर संपायला नको. यासाठी सतराव्या वर्षीच सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं असतं. कुटुंब, मूल, केस वर्कर, आणि नकाशावरची दोन माणसं. प्रश्न साधे ठेवा. औंधच्या आयटीआयला प्रवेश मिळाला तर राहणार कुठे? घरीच राहिला तर खर्चाला हातभार किती? नोकरी गेली तर परत येता येईल का? दिवाळीला कुठे? लग्न ठरलं तर कोण उभं राहील? उत्तरं लिहून सगळ्यांनी सही करा. या कागदाला कायद्याचं बळ नाही, तरी मी तो करून घेते, कारण सही करताना माणसं मनातलं खरं बोलतात. एका काकांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "लग्नाचं मी लिहून देतो, पण नोकरी गेली तर परत येईल का याचं उत्तर त्याला आत्ता द्यायचंय." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच ठेव."

अठरा झाल्या आठवड्यात बँकेत जाऊन अज्ञान खातं सज्ञान करून घ्या, अधीक्षकांचं किंवा संस्थेचं नाव त्यातून काढा. मतदार नोंदणी करा. मुलाला स्वतःची फाईल वाचायची असेल तर सोबत बसून वाचा, एकट्याच्या हातात देऊ नका.

पुढचे फोन कॅलेंडरवर आत्ताच मांडा: पहिल्या महिन्यात दर रविवारी, मग सहा महिने दर पंधरा दिवसांनी, मग वर्षभर महिन्यातून एकदा. कोण करणार त्याचं नाव प्रत्येक तारखेपुढे लिहा. फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी नकाशावरच्या पहिल्या माणसाला लावा, आणि तोही नाही म्हणाला तर खोलीवर जा.